आबांच्या शेळ्यांचं चीज

गाडी माझी, पेट्रोल माझं, सुट्टीही माझी, आणि पुढच्या सीटवर बसून दर खड्ड्याला "हळू चालव" म्हणणारे आबा. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरं आणि शेळ्यांच्या मागं चालण्यात गेलं, त्यामुळे जनावराच्या पुढं पळणारी कुठलीही गोष्ट त्यांना उद्धटपणाच वाटते. मागच्या सीटवर माझी धाकटी बहीण बसली होती. तिच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा डबा होता आणि त्याचं झाकण तिनं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. डब्यात चीज होतं, शेळीच्या दुधाचं, तिनं स्वतः केलेलं. आम्ही ते कन्नडकडच्या एका द्राक्षमळ्यात घेऊन चाललो होतो. तिथं शहरातले पाहुणे बोलावून वाइन चाखायला देतात.

मी बजाजनगरला राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासतो. मापात न बसणारा भाग बाजूला काढायचा, एवढंच काम. ते करून करून माझा स्वभावही तसाच झालाय, असं माझी बायको म्हणते. भाजीत मीठ कमी, लग्नात पंगत उशिरा, मी लगेच बाजूला काढतो. त्यामुळे बहिणीनं पहिल्यांदा फोनवर "दादा, मी चीज करून बघितलं" असं सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन, ते सांगायला नको. पिझ्झ्यावर असतं ते चीज, एवढीच माझी समज. पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कडेला, जिथं बस दुपारी आली तर आली, तिथं ते कोण खाणार?

बहीण काही वर्षांपूर्वी सासर सोडून माघारी आली. का आली, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. एक पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "आलीस माय? शेरडांना पाणी दाखव." तिनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि बादली उचलली. तेव्हापासून शेळ्या तिच्याकडं. म्हणजे राबायला तिच्याकडं, मालकी आबांची. पुढं बचत गटाच्या बायकांबरोबर ती कुठल्याशा शिबिराला गेली आणि चीज शिकून आली. बोकड शेळ्यांपासून लांब बांधायचा, नाहीतर दुधाला त्याचा वास लागतो. दूध मंद आचेवर तापवायचं, लिंबू पिळायचं, फाटलं की फडक्यात बांधून टांगायचं, मीठ लावायचं, दाबून वड्या करायच्या. मी गेलो की हे सगळं ती मला इतक्या उत्साहानं सांगायची की मला गप्प बसावं लागायचं, आणि गप्प बसणं मला जमत नाही.

भांडण लिंबावरून होतं. आबांचं म्हणणं असं, की दूध विरजावं, त्याचं ताक व्हावं, लोणी व्हावं. पण दूध फाटतं तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. आमची आई होती तेव्हा चुकून दूध नासलं तर ती ते मोरीत टाकत नसे. गोठ्यामागच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओतायची आणि हात जोडून म्हणायची, "चुकी झाली, शेरडांचे सड आटवू नको." आणि आता त्याच घरात त्यांची लेक रोज सकाळी चांगलं दूध मुद्दाम फाडत होती. ती वड्या डब्यात घालून पिशोरला न्यायची, तरी आबांनी त्याला कधी चीज म्हटलं नाही. "तुझं ते नासलेलं" म्हणायचे, आणि ती वडी समोर ठेवली की टोपी सारखी करून उठून जायचे.

दुधाच्या बाबतीत आमच्या घरात नियमांना तोटा नव्हता. तिन्हीसांजेला दूध उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. अवसेला विकायचं नाही. मी लहानपणी गुरुजींच्या घरी दुधाचा तांब्या घेऊन जायचो, तर आई त्यात कोळशाचा खडा टाकायची, कारण पांढऱ्यावर नजर लवकर बसते. गुरुजींची बायको तो खडा चिमटीत धरून काढायची आणि माझ्याकडं अशी बघायची, जसा काही तो मीच टाकला आहे. दूध, दही, लोणी, घरातलं पांढरं काहीही बाहेर निघालं की कोळसा ठरलेला. आई गेल्यावर ते काम आबा करत आले.

दिवाळीपर्यंत बहिणीनं त्या द्राक्षमळ्यात चीजसाठी बोलणं लावलं होतं. मी दिवाळीला गावी गेलो तेव्हा आबांनी निकाल सांगून टाकला. "संक्रांत हुंदे. त्या द्राक्षवाल्या बाईनं घेतलं तर घेतलं. नाय घेतलं तर मी शेरडं कन्नडच्या बाजारात उभी करतो. दूध नासवायला जनावरं पाळली नाय मी." बहीण चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, ती भांडेल, रडेल. तिनं फक्त लाकडं पुढं सारली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की पिझ्झ्यावरच्या पदार्थाची ही थट्टा नाही. हे गेलं, तर तिच्या हातात पुन्हा ती एक पिशवीच उरणार होती. संक्रांतीनंतर तिचा फोन आला, "दादा, गाडी घेऊन ये. बसमध्ये लई हलतं." मी काही बाजूला न काढता हो म्हणालो.

आम्ही निघालो त्या दिवशी मी सुट्टी टाकली होती आणि कन्नडचा बाजारही होता. मी सकाळी गावात पोचलो तर डबा ओट्यावर तयार. पांढऱ्या शुभ्र वड्या, खाली केळीचं पान, वर ओलं फडकं. बहीण नवी साडी नेसून दोनदा आत-बाहेर करून आली. आबा म्हणाले, "मीबी येतो. शेरडांचा भाव बघायचा हाय." एवढं ऐकून तिचा चेहरा उतरला. मला आबांचा राग आला, पण गाडीत बसवण्याआधी बापाशी भांडण नको. निघता निघता आबांना टोपी आठवली, मग काठी आठवली, मग ते पुन्हा चुलीकडं गेले. परत आले तेव्हा धोतराला बोटं पुसत होते, बोटं काळी.

"आबा, सीटला लागेल ते काळं."

"तुझी सीट काय सोन्याची हाय व्हय?"

रस्ता मधे मधे उखडलेला. आबांचं "हळू" थांबेना. एरवी ते असे घाबरणारे नाहीत, एसटीच्या टपावर बसून गेलेला माणूस. मी शेवटी म्हणालो, "आबा, याहून हळू गेलो तर बैलगाडी हॉर्न वाजवंल." मागं बहीण हसली. आबा हसले नाहीत. मान वळवून त्यांनी डब्याकडं बघितलं आणि परत समोर बघायला लागले.

कन्नडला गाडी लावली आणि आबा काठी टेकत जनावरांच्या बाजूला निघून गेले. आम्ही दोघं बाजारात शिरलो. थंडीतला बाजार मला मनापासून आवडतो. कढईतून नुकती काढलेली भजी, जिलेबीच्या पाकाचा वास, बोरांचे ढीग, रेवड्या, पाटीत ओल्या गाजरांवर मारलेलं पाणी. एका टोकाला गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजून हातावर चोळून देत होते, बरोबर जवसाची चटणी आणि गुळाचा खडा. मी हुरड्याचं एक पान घेतलं, मग दुसरं घेतलं. बहिणीच्या घशाखाली काही उतरेना. "आबा भाव काढत असतील," ती म्हणाली. "काढू दे. भाव विचारला म्हणजे विकलं असं नसतं," मी म्हणालो, आणि तिच्या वाटचा हुरडाही मीच संपवला. मला काळजी वाटली की भूक लागते, त्याला मी काय करू.

मग मात्र तिनं एक काम केलं. तिथं एक बाई चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापत होती, शेजारी पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. बहिणीनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून खाल्ला आणि म्हणाली, "दादा, तिथं ते बिस्किटांवर ठेवणार हायेत. बिस्किटावर कशापायी? आपलं भाकरीवर ठेवू." भाकरी, ठेचा, हुरडा, चटणी, सगळं बांधून घेतलं. तेवढ्यात आबा आले.

"काय भाव, आबा?" मी विचारलं.

"बरा हाय," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पुढचा सगळा रस्ता बहिणीनं डब्याच्या झाकणावरचे हात काढले नाहीत.

द्राक्षमळा डोंगराच्या पायथ्याशी होता. वेलींवर घड लागलेले, पलीकडं एक लांबट पत्र्याची शेड, आणि शेडच्या एका कोपऱ्यात कपडा टाकलेली टेबलं. मळा ज्या घराचा आहे त्या घरच्या सूनबाई हे सगळं बघतात. बोलायला गोड, पण कामाला पक्क्या. त्यांनी बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या तर पुढचं बोलू. आम्हाला बघून त्या बाहेर आल्या आणि आबांना नमस्कार करून म्हणाल्या, "आजोबा, आत या ना."

आबांनी शेडकडं बघितलं. "दारू हाय का तिथं?"

"वाइन आहे. द्राक्षाचा रस आंबवून करतो."

"म्हंजी चांगला रस नासवता."

सूनबाई मोठ्यानं हसल्या. "तसंच म्हणा आजोबा."

"मग माझी पोरगी बरोबर ठिकाणी आली," असं म्हणून आबा बाहेरच्या बाभळीखाली बाजेवर जाऊन बसले. बहिणीनं डबा उचलला आणि खाली मान घालून आत गेली.

आत दहा-बारा पाहुणे होते. सूनबाई प्रत्येकाच्या पेल्यात थोडी थोडी लाल वाइन ओतत होत्या आणि सांगत होत्या, पेला असा फिरवा, नाकाशी धरा, घाई करू नका, जांभळाचा वास येतोय का बघा. मी नाक घातलं. इतकी वर्षं मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचा वास घेतलेलं नाक ते, त्याला जांभूळ कुठलं सापडायला. पण जिभेवर आली तेव्हा खरंच कुठंतरी जांभळासारखा तुरटपणा होता, आणि मला उगाच आनंद झाला, परीक्षेत उत्तर बरोबर आल्यासारखा. मी पेला पुढं केला. "गाडी तुम्हीच चालवणार ना?" सूनबाई म्हणाल्या आणि बाटली पलीकडं घेऊन गेल्या. हे मात्र मापात बसलं नाही. पण बरोबर होतं, म्हणून गप्प बसलो.

टेबलाच्या टोकाला बहिणीनं भाकरीचे तुकडे मांडले, ठेच्याची वाटी ठेवली, हुरडा ठेवला. पाहुणे भोवती जमले. तिनं पदर सारखा केला, डब्याचं झाकण काढलं, फडकं उचललं, आणि हात तसाच वर राहिला.

वड्या काळ्या झाल्या होत्या. सगळ्या नाही, सगळीकडं नाही, पण डब्यात कोळशाचे चार खडे होते. ते खड्ड्याखड्ड्याला घरंगळत, वड्यांवर रेघोट्या ओढत, चुरा सांडत इथवर आले होते. पांढऱ्या वड्यांवर काळे फराटे, कुठं बोटाएवढे, कुठं तळहाताएवढे.  आबांची काळी बोटं, ते "हळू हळू", सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढून गेलं. म्हाताऱ्यानं घात केला, असंच माझ्या मनात आलं. इतके दिवस नाक मुरडलं ते मुरडलं, शेवटी हे. मी बाभळीकडं जाऊन दोन शब्द सुनवायच्या तयारीत होतो.

तेवढ्यात टोपी घातलेले एक पाहुणे पुढं वाकले. "वा! हे राख लावलेलं आहे का? परदेशात खाल्लंय मी असं. शेळीचंच असतं."

देव पावला असं वाटून मी ताबडतोब म्हणालो, "होय होय, तसंच आहे ते." मला परदेशाचं काय माहीत? पण बुडत्या माणसानं जे हाती लागेल ते धरावं.

"नाय," बहीण म्हणाली.

मी तिच्या पायावर पाय दिला. तिनं पाय काढून घेतला.

"राख लावलेली नाय ती, साहेब. चुकून झालंय. कोळसा हाय. आमच्या घरातून दूध बाहेर निघालं की त्यात कोळसा ठेवतात, नजर लागू नये म्हणून. दुधात, दह्यात, लोण्यात. दुसऱ्या कशात नाय ठेवत. मी पिशोरला कितींदा चीज नेलं, त्यात कधी नव्हता ठेवला, आज आबानी..." आणि ती थांबली.

बोलता बोलता स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं होतं. मलाही आलं. कितीतरी वेळा ती हा डबा घेऊन त्या उंबऱ्यावरून गेली होती, आणि आबांनी कधी त्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. नासलेल्याला कोण नजर लावणार, आणि त्याला जपायचं तरी कशाला? आज सकाळी मात्र ते चुलीकडं गेले, खडे निवडले, फडकं उचलून चारही कोपऱ्यांत ठेवले, आणि वाटभर माझ्यावर खेकसत तो डबा सांभाळत आले. आज त्यांनी त्याला दूध मानलं होतं, घरचं, पांढरं, नजर लागेल असं.  मघाशी त्यांच्याविषयी मनात आलेलं आठवलं आणि कुणी बघत नसताना मी तोंड फिरवलं.

 बहीण डोळे पुसून हसली आणि म्हणाली, "थोडं थांबा, वरचं काढून देते." सूनबाईंनी सुरी दिली. एकेका वडीचा काळा भाग ती तासत गेली आणि आतून पांढरं निघत गेलं. टोपीवाल्या पाहुण्यांनी तर एक फराट्याची वडी तशीच मागून घेतली, आजोबांच्या कोळशासकट. भाकरीचा तुकडा, त्यावर ठेचा, त्यावर चीज, वर भाजलेला हुरडा. एका बाईंनी खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाई गं, तिखट!" आणि लगेच दुसरा तुकडा उचलला. मीही खाल्लं. खरं सांगतो, आधी घरी दोन-चारदा खाल्लं होतं तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. ठेच्याच्या आगीवर ते गार, किंचित आंबट, खारट चीज आलं तेव्हा कळलं, की ते भाकरीचीच वाट बघत होतं. बिस्किटांचा पुडा शेवटपर्यंत कुणी फोडलाच नाही.

ताटल्या रिकाम्या झाल्या. सूनबाई हिशेबी बाई, त्यांनी एकदम कौतुकाचा पूर आणला नाही. म्हणाल्या, "आणलंत तेवढं नको, याच्या निम्मं आणा. पण दर आठवड्याला आणा. आणि भाकरीसकट." बहिणीनं फक्त मान हलवली. 

तिनं एक ताटली बाजूला काढून ठेवली होती. ती घेऊन ती बाभळीकडं गेली, मी मागून. आबा बाजेवर बसून डोंगराकडं बघत होते. तिनं ताटली त्यांच्या शेजारी ठेवली. वडीच्या कडेला कोळशाचा एक फराटा मुद्दाम तसाच राहू दिला होता. आबांनी तो बघितला. 

"सांडला व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"लई?"

"लई नाय, आबा," ती म्हणाली. "त्यांनी दर आठवड्याला आणा म्हटलंय."

 आबांनी भाकरी मोडली, तिच्यात चीजचा तुकडा धरला आणि खाल्ला.  त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, मिशीवरून हात फिरवला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले, आणि दुसरा घास मोडला.

परतताना मी कन्नडला चहाला थांबलो. बाजार उठत आला होता, राहिलेल्या शेळ्या टेम्पोत चढवत होते, त्यांच्या ओरडण्यानं रस्ता भरलेला. आबा काचेतून तिकडं बघत राहिले. शेळ्यांचा भाव खरंच बरा होता का, ते मी विचारलं नाही. बहीण मागच्या सीटवर रिकाम्या डब्यावर डोकं टेकून झोपली होती. इतकी गाढ झोपलेली मी तिला ती माघारी आल्यापासून बघितली नव्हती. मी कुणी न सांगता गाडी हळू चालवली.

गावाच्या फाट्यावर वळलो तेव्हा आबा हलक्या आवाजात म्हणाले, ती जागी होऊ नये म्हणून.

"पुढच्या बारीला कोळसा फडक्यात बांधून ठेवतो. म्हंजी चिकटणार नाय."